अकरावा क्रूस

काळ्या ऑइलपेंटचा लहान डबा आणायला मी त्या दिवशी तलासरीला गेलो होतो. दोन हजार एकवीसचा एप्रिल. हार्डवेअरवाल्यानं शटर गुडघ्याइतकं उघडं ठेवलं होतं आणि तो आतून हात बाहेर काढून वस्तू देत होता.

"सर, परत क्रूस का?" त्यानं आतूनच विचारलं.

"हो."

"पांढरा नको?"

"पांढरा आहे घरी."

एवढंच बोलणं झालं. हायवेवर ट्रक चालू होते, पण एस.टी. स्टँड ओस पडला होता. मी डबा गाडीत ठेवला, हातांना सॅनिटायझर चोळलं आणि निघालो.

मी इनास फुर्ट्याडो. मूळचा वसईचा. तीस वर्षं इकडच्या मिशनच्या शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर कोसबाडच्या उतारावर, चिकूच्या वाडीत, घर बांधून राहिलो. माझी बायको फिलोमिना गेली त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. पाच कादंबऱ्या छापून झाल्यात. तेव्हा सहावी लिहीत होतो, धरणात बुडालेल्या एका पाड्याची.

लॉकडाऊननं बाहेरचं सगळं थांबलं, माझा दिवस मात्र होता तसाच राहिला. पाचला उठायचं, माळ जपायची, गवती चहा घातलेला कोरा चहा घ्यायचा आणि सहा ते नऊ लिहायचं. रोजची तीन पानं. नऊ वाजता सुनिता यायची. खालच्या पाड्यावरची, मुकेश वरठाची बायको. मिशनच्या वसतिगृहात शिकलेली, आठवीपर्यंत माझ्याच वर्गात बसलेली. अकरा वर्षं ती माझ्याकडे स्वयंपाक करत होती. ती भाकरी थापायची आणि मी दारात खुर्ची टाकून सकाळची पानं वाचून दाखवायचो. ती फार बोलायची नाही. एखादं वाक्य खोटं वाटलं तर तिचा हात परातीत थांबायचा. हात थांबला की मी पेन्सिलनं खूण करायचो. संपादकानं काय सुधारलं असेल ते असेल, माझ्या दोन कादंबऱ्या त्या हातानं सुधारलेल्या आहेत.

दुपारचं काम त्या महिन्यात नव्यानं माझ्याकडे आलं होतं. आमच्या दफनभूमीतले क्रूस रंगवणारा पेंटर गुजरातेतल्या उंबरगावचा. अच्छाडच्या सीमानाक्यावर तपासणी लागली आणि त्याचं येणं बंद झालं. फादर म्हणाले, "इनास, तुमचं अक्षर चांगलं आहे. नावं तेवढी घालाल का?" मी हो म्हटलं. एप्रिलच्या वीस तारखेपर्यंत दहा क्रूसांवर नावं घातली. सकाळी कादंबरी, दुपारी क्रूस. दहापैकी चौघं माझे विद्यार्थी होते.

अकरावा क्रूस सुनिताचा होता.

आता जे सांगतो ते मी फादरांनाही पुष्कळ उशिरा सांगितलं.

त्याच्या आठवडाभर आधी ती एकदा खोकत आली होती. मी खिडकीतूनच तिला म्हणालो, "दहा दिवस येऊ नकोस." तिनं मान हलवली, आणलेली भाजी पायरीवर ठेवली आणि ती गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला मुकेशचा फोन आला. मी लिहीत होतो.

"सर, हिला दम लागलाय. बोलता येईना. गाडी काढाल का? कोविड सेंटरपर्यंत. मी मागं बसतो तिला घेऊन, काचा उघड्या ठेवू…"

माझी जुनी व्हॅन समोरच उभी होती. मी एकसष्ट वर्षांचा, मधुमेही. त्या आठवड्यात रोज कुणा ना कुणाच्या मरणाची बातमी फोनवर येत होती. मी म्हणालो, "मुकेश, बॅटरी उतरलीय रे. परवापासून चालूच होत नाही."

"बरं सर," तो म्हणाला. लगेच म्हणाला. मी फोन ठेवला आणि, खरं सांगतो, त्या दिवशीची तीन पानं पूर्ण केली.

ॲम्ब्युलन्स दुपारी तीनला आली. चार दिवसांनी सुनिता गेली.

दफनाला मी दफनभूमीच्या फाटकाबाहेर गाडीतच बसून राहिलो. पांढरे झगे घातलेल्या तिघांनी पिशवी खाली उतरवली. फादर लांबून प्रार्थना म्हणत होते. मुकेशनं हात जोडले, एकदा तोंड दाखवा म्हणाला. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. पिशवीवर चिकटपट्टी होती, तिच्यावर मार्करनं नाव लिहिलेलं होतं. तेवढंच त्यानं पाहिलं. जाताना तिच्या वस्तूंचं प्लास्टिकचं पुडकं त्याच्या हातात दिलं आणि सांगितलं, पाच दिवस उघडू नका, उन्हात ठेवा.

दुसऱ्या दिवशी मी तलासरीहून रंग आणला आणि थेट दफनभूमीत गेलो. दुपारची वेळ. खड्डे खणणारा म्हातारा लडक्या जेवायला घरी गेला होता. ताडांच्या सावल्या लांबायला लागलेल्या. माती नुकतीच खणलेली, तरी तिला मातीचा वास नव्हता. फवारलेल्या औषधाचा उग्र वास होता, आणि त्याच्या खालून बाजूच्या वाडीत सडणाऱ्या चिकूंचा. त्या वर्षी माल उचलायला कुणी आलं नव्हतं. झाडाखाली चिकू आंबून पडले होते. त्यांचा गोड, दारूसारखा वास सगळ्या गावभर होता.

मी क्रूस मांडीवर आडवा घेतला. पांढरा रंग आदल्या रात्रीच दिला होता. 'सुनिता मुकेश वरठा' एवढं लिहिलं आणि खाली तारखा घालायला ब्रश बुडवला.

"नाव चुकलं."

माझ्या पाठीमागून कुणी बाई बोलली. हळू, दमलेला आवाज. दोन शब्दांच्या मध्ये श्वास घ्यायला थांबलेली. मी मागे न बघता आधी अक्षरंच तपासली. शिक्षकाची सवय. सुनीता, नी दीर्घ हवा. पण बाप्तिस्म्याच्या वहीत ऱ्हस्वच आहे. मी म्हणालो, "वहीत असंच आहे, बाई," आणि वळलो.

मागे कुणी नव्हतं. क्रूसांच्या रांगा, पलीकडे कोरडा ओहोळ आणि त्याच्या पलीकडे मोकळं शेत. लपायला एक झुडूपही नव्हतं. मी घड्याळ पाहिलं. तीन वाजले होते. आमच्यात तीन वाजता करुणेची माळ जपतात, प्रभूनं प्राण सोडला ती ही वेळ. मी माळ काढली, पण तेच दोन मणी पुन्हापुन्हा मोजत राहिलो. तारखा घातल्या, क्रूस मातीत रोवला आणि घरी आलो.

उन्हाचा परिणाम म्हणून सोडून दिलं असतं. पण दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तीन वाजता मी घरात वेदीपुढे गुडघे टेकून बसलो होतो. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरून आवाज आला.

"नाव… चुकलं."

तक्रारीचा सूर नव्हता. दवाखान्यात नर्सनं भलत्याच नावानं हाक मारली की आजारी माणूस हळूच सांगतं ना, तसं. मी सुनिताचा आवाज ओळखत होतो. हा तिचा नव्हता. हा वयानं मोठ्या बाईचा होता, घसा खरवडल्यासारखा. खिडकीपर्यंत जायला मला वेळ लागला. बाहेर चिकूचा सडा पडलेला आणि त्यावर घोंघावणाऱ्या माश्या. खिडकीखाली मात्र एकही माशी नव्हती.

शुक्रवारी तेच. शनिवारी तेच. रविवारी मी मोबाइलवर चर्चची मिस्सा ऐकली, दुपारी रेडिओ मोठ्यानं लावून बसलो. तीनच्या सुमारास रेडिओतली बाई बाजारभाव सांगत होती आणि तिच्या आवाजाच्या मागून तो आवाज येत होता. या वेळी खोलीतूनच.

सकाळचं लिहिणं बंद पडलं. वीस वर्षांत पहिल्यांदा तीन तास बसून पान कोरं राहिलं. वाचून दाखवायलाही कुणी नव्हतं. मी फादरांना फोन केला, आवाजाचं सांगितलं, गाडीचं सांगितलं नाही. ते म्हणाले, "इनास, या महिन्यात मी सगळ्या गावांत मिळून एकोणीस दफनं केलीत. मला मिटल्या डोळ्यांनी पिशव्या दिसतात. थकलोय आपण सगळेच. झोपा थोडं."

सोमवारी सकाळी मुकेश आला. फाटकाबाहेरच उभा राहिला, तोंडाला गमछा बांधलेला. हातात ते पुडकं.

"सर, जरा विचारायचं होतं," तो म्हणाला. "पाच दिवस झाले म्हणून उघडलं. हे बघा."

त्यानं पुडक्यातल्या वस्तू एकेक करून कठड्यावर मांडल्या. कंगवा. ब्रश. सहा हिरव्या बांगड्या.

"ती बांगड्या घालायचीच नाही, सर. तुम्हाला माहीत आहे. भांडी घासताना फुटतात म्हणायची. आणि तिच्या गळ्यात माळ होती. ती नाही यात." त्यानं बांगड्या पुन्हा गोळा केल्या. "त्या दिवशीच मला वाटलं होतं. पिशवी लांब होती. सुनिता माझ्या खांद्यालासुद्धा लागत नव्हती. बोललो नाही कुणाला. म्हटलं, डोकं फिरलंय आपलं."

नाव चुकलं. म्हणजे त्या मातीखाली दुसरीच कुणी होती आणि तिच्या डोक्याशी मी भलतंच नाव रोवून आलो होतो.

"बस गाडीत," मी म्हणालो. "सेंटरवर विचारू."

मी किल्ली फिरवली. व्हॅन पहिल्या झटक्याला चालू झाली. मुकेश मागच्या सीटवर होता. आरशात मला फक्त त्याचे डोळे दिसत होते.

"बॅटरी नवी घातली का, सर?"

"हो," मी म्हणालो.

सेंटर म्हणजे एका वसतिगृहाच्या इमारतीत घाईनं उभं केलेलं. टेबलावरच्या कारकुनानं आम्हाला लांबच उभं केलं, पण वही उघडून पाहिली. त्या पहाटे दोन बायका गेल्या होत्या. एक सुनिता मुकेश वरठा. दुसरी सुकी शुक्रा दुमाडा, अच्छाडजवळच्या पाड्यावरची, वय पंचावन्न. तिला नवऱ्यानं नेलं आणि अग्नी दिला.

मुकेश भिंतीला टेकला. "म्हणजे माझीला जाळलं," एवढंच म्हणाला.

अच्छाडला नाक्याजवळ ट्रकांची रांग एक किलोमीटरभर लागली होती. ढाब्यांच्या मागून एक कच्चा रस्ता पाड्याकडे उतरतो. शुक्रा अंगणात बसून बांबूची कामठी तासत होता. साठीचा, काटक माणूस. आम्ही का आलो ते मी सांगितलं. बोलताना मलाच लाज वाटत होती. ज्याची बायको जाऊन सात दिवस झालेत त्याला आपण विचारतोय, तू जाळलीस ती तुझीच होती का?

तो चिडला नाही. कोयता बाजूला ठेवला.

"माझीच होती," तो म्हणाला. "मी हट्ट धरला. तिथला माणूस चांगला होता, त्यानं चेन उघडली. तोंड बघितलं मी. कपाळावर तिच्या लहानपणीची खोक होती, बैलाच्या शिंगाची. खोकेवर बोट फिरवलं मी. तीस वर्षं संसार केला, सर. चुकेन का?"

मुकेशनं बांगड्या पुढे केल्या. शुक्रानं त्या हातातही घेतल्या नाहीत. "हिच्या नाहीत. हिच्या लाल. मी स्वतः उतरवल्या. आत डब्यात आहेत."

वर हायवेवर एका ट्रकनं ब्रेक मारला, त्याचा कर्कश आवाज खालपर्यंत आला.

"पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो," शुक्रा म्हणाला. आता तो हळू बोलत होता. "तिथं मागच्या खोलीत… पिशव्या तीन होत्या."

"तीन?"

"तीन. हिची एक. शेजारी एक, तिच्यावर चिठ्ठी. आणि भिंतीकडं एक, तिच्यावर चिठ्ठी नव्हती. मी त्या माणसाला विचारलं, ही कोण? तो म्हणाला, कुठं आहे? दोनच आहेत. मी बोटानं दाखवलं. त्यानं माझ्याकडं असं बघितलं… मग मी गप्प बसलो. मला माझी घेऊन जायची होती."

परतताना ऊन कलत होतं. तलासरी मागे पडली तेव्हा मुकेश त्या बांगड्या हातात फिरवत होता. मग एकदम त्याची नजर पालटली. आरशात मी ती पालटताना पाहिली, आणि त्याची मला आवाजापेक्षा जास्त भीती वाटली.

"सर, शुक्राची बायको जळली. खड्ड्यात आहे ती लांब बाई. मग सुनिता… सुनिता मेली हे कुणी बघितलं? मी नाही बघितलं. तुम्ही नाही बघितलं."

"मुकेश…"

"दुसरीकडं हलवली असेल. सिल्वासाला, वापीला. कागद चुकतात ना, सर? नाव चुकतं ना?"

त्यानं तेच शब्द वापरले. मी त्याला आवाजाचं काही सांगितलं नव्हतं. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही हे मला कळत होतं.

"मुकेश, त्या सकाळी बॅटरी उतरली नव्हती. मी खोटं बोललो. घाबरलो होतो."

तो खिडकीतून बाहेर बघत राहिला.

"माहीत आहे, सर," तो म्हणाला. "फोन ठेवल्यावर मी परत लावणार होतो. तिनंच हात धरला. बोलता येत नव्हतं तरी बोलली. म्हणाली, सर घाबरलेत. त्यांना परत फोन करू नका, त्यांची लिहायची वेळ आहे."

मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडलो. मुकेशनं माझी समजूत घातली नाही. शिवीही दिली नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "चला सर, अंधार पडेल."

मंगळवारी दुपारी तीनच्या आधी मी पॉलिश पेपर घेऊन दफनभूमीत गेलो. नाव घासून काढलं. काळी पूड बोटांना, नखांत, सदऱ्यावर. लाकूड दिसेपर्यंत घासलं आणि पुन्हा पांढऱ्या रंगाचा हात दिला. तीन वाजले तेव्हा मी मातीसमोर गुडघे टेकले.

"बाई," मी म्हणालो, "नाव काढलं. तुझं खरं नाव सांग. मी लिहितो."

ताडाचं एकही पान हललं नाही. माझ्या अगदी जवळ, गुडघ्यांच्या पातळीवर, कुणीतरी श्वास आत घेतला. बोलण्याआधी घेतात तसा लांब, घरघरणारा श्वास. मी वाट पाहिली. तो श्वास बाहेर आलाच नाही. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मला वाटलं माझाही श्वास त्याच्याबरोबर अडकलाय. शेवटी लडक्यानं येऊन मला दंडाला धरून उठवलं.

त्या दिवसापासून तो आवाज पुन्हा ऐकू आला नाही.

मुकेशनं कबर उघडायची परवानगी मागितली. अर्ज दिला, मी लिहून दिला. उत्तर आलं नाही. मग तो सुनिताचा फोटो घेऊन हिंडायला लागला. सिल्वासा, वापी, वलसाड, नाशिकपर्यंत. ट्रकवर क्लीनर म्हणून जायचा, गाव आलं की उतरून दवाखाने विचारायचा. अजून जातो. फोटो झिजला म्हणून मागच्या वर्षी त्याला नवी प्रत काढून दिली. कधी कधी मला वाटतं, मी त्या सकाळी गाडी काढली असती तर तिला कुठं नेलं, कुठल्या खाटेवर ठेवलं, हे निदान दोन माणसांनी डोळ्यांनी पाहिलं असतं. एवढंच. ती वाचली असती असं मी म्हणत नाही. म्हणायचा मला अधिकार नाही.

मी पुन्हा सहा ते नऊ लिहायला लागलो. कादंबरी पूर्ण झाली. चांगली आहे म्हणतात. वाचून दाखवल्याशिवाय छापलेली ती पहिलीच.

आता राहिलं ते लडक्याचं. त्या वर्षीचा पावसाळा संपत आला तेव्हा त्यानं मला बोलावून घेतलं. नवी माती पावसात बसते, खड्डे पडतात, मग वर भर घालावी लागते. एप्रिलच्या दहाही कबरी हात-हातभर खचल्या होत्या. अकरावी खचली नव्हती. होती तशीच, उलट मधे थोडी फुगलेली. लडक्या चाळीस वर्षं खड्डे खणतोय. तो म्हणाला, "सर, मी असं कधी बघितलं नाही. आत पोकळी असेल म्हणून पहार घालून बघितली. तुमच्यासमोर परत घालतो."

पाऊस भुरभुरत होता. हवा गार होती, माझ्या अंगात स्वेटर होता. त्यानं पहार उभी धरली आणि दाबली. पहार जोर न लावताच आत गेली, लोण्यात जावी तशी, पार मुठीपर्यंत. त्यानं ती तशीच क्षणभर धरून ठेवली. मग सावकाश वर ओढली आणि माझ्यापुढे केली.

मी लोखंडाला हात लावला. ते तापाच्या माणसाच्या अंगासारखं गरम होतं.